तेवीस वर्षांचा चहा

लग्नाआधी मातीच्या भांड्यांशी माझा संबंध एवढाच होता, की उन्हाळा लागला की आईबरोबर माठ आणायला जायचं, बोटाच्या पेरानं तो टकटक वाजवायचा, कान लावायचा आणि ‘हा बद्द बोलतोय, दुसरा दाखवा’ असं म्हणून कुंभाराला जेरीस आणायचं. आमच्या घरात माठ वाजवता सगळ्यांना यायचा, घडवता कुणालाच यायचा नाही. आमचे हे म्हणतात, पुणेकरांचं एकूण सगळ्याच बाबतीत असं असतं. हे नागपूरचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी मनावर घेत नाही.

तर अशी मी, पुढे जर्मनीतल्या एका खेड्यात जपानी मातीकामाच्या प्रदर्शनाला हातभार लावायला गेले, आणि असा काही हातभार लावला की त्यानंतर कितीतरी वर्षं मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

साठ सालानंतरची ही हकिगत. ह्यांना म्युनिकजवळ गार्चिंगला संशोधनाची जागा मिळाली होती. गार्चिंग तेव्हा बटाट्यांचं आणि कोबीचं गाव होतं. शेतं संपली की एकदम अणुभट्टीचा चकचकीत घुमट दिसायचा. आकार अंड्याचा, म्हणून गावकरी त्याला अंडंच म्हणत. आमचे हे रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन सायकलवरून अंड्यात जात. हे मी गंमत म्हणून पत्रात लिहिलं, तर सासूबाईंनी महिनाभर उत्तर पाठवलं नाही.

आम्ही राहत होतो एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. घरमालकीणबाई साठीच्या, हाडापेरानं मजबूत, दोन गाई एकट्यानं सांभाळणाऱ्या. त्यांच्या आयुष्यात देवाखालोखाल स्वच्छतेचा नंबर होता, आणि काही शनिवारी देवही दुसरा यायचा. त्या आधी जिना धुवायच्या, मग दारापुढची पायवाट, आणि मग पायवाटेपुढचा सरकारी रस्ता. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावरचा हळदीचा डाग त्यांच्या नजरेला पडला.

‘‘हे निघतं का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘निघतं,’’ मी म्हटलं. ते निघालं नाही. त्या दर आठवड्याला येऊन ते निघालं नसल्याची खात्री करून जात.

मला हे झोंबायचं. मी काही अशीतशी नव्हते. घर कसं आहे ते कपबशीवरून कळतं, असं आमच्या सासूबाईंचं मत होतं. कपाच्या आत चहाचं तपकिरी कडं राहिलेलं दिसलं की त्या तो कप दोन बोटांत धरून घरभर फिरवायच्या आणि शेवटी माझ्यापुढे ठेवायच्या. त्या शाळेतून मी तावूनसुलाखून निघाले होते. बव्हेरियातल्या एका बाईनं मला स्वच्छता शिकवावी म्हणजे काय! तेव्हापासून आमच्या दोघींत एक चढाओढ सुरू झाली. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं, पण दाराच्या कड्या मात्र दोन्ही मजल्यांवर लखलखत होत्या.

ह्यांच्याबरोबर एक जपानी संशोधक काम करत. त्यांची बायको आमच्यापासून चार घरं सोडून राहायची. गावात परदेशी बायका आम्ही दोघीच. पहिला हिवाळा मी बराचसा जिन्यात बसून रडण्यात घालवला होता. मराठीत बोलायला फक्त हे होते, आणि हे बोलायचे न्यूट्रॉनविषयी. शेवटी ह्यांनीच मला ढकलून तिच्या घरी पाठवलं.

तिच्या खिडकीत मातीचा एक उभट घट होता. पहिल्या भेटीत दोघींनाही काय बोलावं सुचेना. तेव्हा मी उठले, बोटाच्या पेरानं घट टकटक वाजवला आणि कान लावला. हात जागेवर आल्यावर लक्षात आलं, की आपण परक्याच्या घरी पहिल्यांदाच आलोय. ती बघत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. तिचे वडील कुंभार. गिऱ्हाइकापुढे तेही भांडं असंच वाजवून दाखवायचे. ‘‘काय म्हणाला तो?’’ तिनं घटाकडे बोट करून विचारलं. ‘‘चांगला आहे म्हणाला,’’ मी सांगितलं. आमची मैत्री तिथे झाली. दोघींचंही जर्मन यथातथा. निम्मी वाक्यं क्रियापदाशिवाय मरायची, पण दुसरीला ती कळायची.

तिच्या माहेरी पिढ्यान्पिढ्या मातीकाम चालायचं, पण चाकावर बसायचं ते पुरुषांनी. बायकांनी माती मळायची आणि भट्टीसाठी लाकडं रचायची. लग्न होऊन जर्मनीत आल्यावर ती पहिल्यांदा चाकावर बसली, कारण इथे अडवायला कुणी नव्हतं. गावात मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग चालत. त्याला फोल्क्सहोखशूल म्हणत. तिथे शिवण होतं, टंकलेखन होतं, आणि आता दर गुरुवारी हिचा मातीकामाचा वर्ग सुरू झाला. दहाबारा बायका आणि एक शाळामास्तर एवढी मंडळी जमली. मी गेलेच. आणि आश्चर्य म्हणजे घरमालकीणबाईही आल्या. ‘‘साठ वर्षं भांडी घासली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘एकदा करून तरी बघते.’’

माझी मैत्रीण सांगायची, की भांडं अगदी गोल नको, अगदी सारखं नको, हाताची खूण राहू द्या. वर्गानं त्याचा सोयीचा अर्थ काढला. कुणाचं काही वाकडं झालं की सगळे म्हणायचे, ‘‘गेनाऊ! अगदी बरोबर, हे जपानी आहे.’’ मास्तरांनी बिअरचा मग केला. त्याचा कान भट्टीत गळून पडला, तर त्यांनी तोही जपानी असल्याचं जाहीर केलं. बेकरच्या सुनेची बशी लोणी ठेवलं की घसरून टेबलावर यावं इतकी जपानी होती. मी पणत्या केल्या. मला तेवढंच जमत होतं, आणि पणती वाकडी असली तरी तेल धरते.

वाकडं जमत नव्हतं ते एकट्या घरमालकीणबाईंना. त्यांचे सहा वाडगे असे एकसारखे, की मैत्रीण कपाळाला हात लावायची. ‘‘एक तरी खूण राहू द्या ना,’’ ती विनवायची. बाई ‘‘हो, हो’’ म्हणायच्या आणि ओल्या फडक्यानं बोटाचा ठसा पुसून टाकायच्या. सातव्या वाडग्यावर मात्र त्यांनी एका बाजूला अंगठा दाबला आणि तो तसाच राहू दिला. भट्टीतून निघाल्यावर त्यांनी तो वाडगा दोन्ही हातांत धरला, अंगठा त्या खळग्यात बसवून बघितला, आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

वर्षभरानं ठरलं, की शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. जपानी परंपरा आणि गावाची कला, दोन्ही एकत्र. फलकावर जपान आधी लिहायचा की गाव आधी, यावर दोन बैठका झाल्या आणि तिसऱ्या बैठकीत फलक लांब करून दोन्ही शेजारी शेजारी लिहिण्याचा तोडगा निघाला. ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे गावचे नगराध्यक्ष, उद्घाटन करणार होते. त्यांच्या पत्नीनं निरोप पाठवला, की माझ्या मैत्रिणीनं किमोनोत यावं आणि मी साडीत. मी जपानी नव्हते याकडे त्यांचं लक्ष वेधलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘आल्झो,’’ म्हणजे आपलं ‘बरं तर’, ‘‘तेवढीच शोभा.’’

प्रदर्शनाच्या मधोमध ठेवायला मैत्रिणीच्या वडिलांनी घडवलेला एक वाडगा जपानहून येणार होता. तो लाकडी पेटीतून, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून बोटीनं आला. ती त्याच्याविषयी चार शब्द बोलणार होती. भाषणाचं जर्मन तपासायला तिनं अर्थातच मला विचारलं नाही. आंधळ्यानं आंधळ्याला वाट विचारून काय मिळणार? ती घरमालकीणबाईंकडे जायची. त्या दोघी स्वयंपाकघरात दार लावून भाषण पाठ करायच्या, आणि मी वर बसून थोडीशी जळायचे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सगळी भांडी खोक्यांतून घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात आली. गावातलं सगळ्यात मोठं धुण्याचं कुंड तिथे होतं. भट्टीची धूळ धुवून, पुसून, भांडी हॉलमध्ये न्यायची होती. बाई धूत होत्या, मी पुसत होते. शेवटी ती लाकडी पेटी राहिली. बाईंनी हात कोरडे केले, पेटी उघडली, वाडगा बाहेर काढला, एका मऊ फडक्यानं नुसता पुसल्यासारखा केला आणि परत ठेवून दिला. पाण्याला शिवलासुद्धा नाही. पाच वाजले होते, गाई हंबरत होत्या. बाई बादली घेऊन गोठ्यात गेल्या.

मी पेटी उघडली. राखाडी-पांढरा, माझ्या ओंजळीएवढा वाडगा. झिलईवर केसासारखे बारीक चरे होते, आणि त्या चऱ्यांत आतल्या बाजूनं चहाचे डाग. एकदोन नाहीत, सगळीकडे तपकिरी जाळी पसरलेली. जुने, मुरलेले डाग. मी ते बघितले आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सापडल्या की नाही! रस्ता धुणाऱ्या बाई दमल्या की नुसतं फडकं फिरवतात, आणि तेसुद्धा माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या भांड्यावर!

पुढचं काम मी मोठ्या भक्तिभावानं केलं. पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि वाडगा त्यात बुडवून ठेवला. मग चुलीतली राख घेतली. आईनं ट्रंकेत दिलेली नारळाची शेंडी वरून आणली आणि हलक्या हातानं, एकेक चरा धरून, घासत बसले. शेवटी व्हिनेगरचं पाणी दिलं. अर्ध्या तासात ती जाळी गेली. वाडगा असा पांढरा निघाला, की सासूबाईंनी तो घरभर फिरवला असता आणि या खेपेला माझं नाव घेतलं असतं. मी तो पुसला, फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि गप्प राहिले. उद्या सगळ्यांसमोर वाडगा चमकेल, मैत्रीण विचारेल कुणी केलं, आणि मी घरमालकीणबाईंकडे बघत नुसती हसेन, असा माझा बेत होता.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव हॉलमध्ये लोटलं. मी साडीवर दोन स्वेटर घालून शोभा वाढवत होते. मास्तर आपल्या कान नसलेल्या मगापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अपूर्णतेचं सौंदर्य समजावत होते. घरमालकीणबाईंचे सात वाडगे एका ओळीत होते. त्या चर्चच्या काळ्या कपड्यांत त्या ओळीच्या मागे उभ्या होत्या आणि कुणी बघायला आलं की खाली बघायच्या. मी त्यांना एवढं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नगराध्यक्षांचं भाषण झालं. मग मैत्रीण पुढे आली. किमोनोत ती आणखीच बारीक दिसत होती. हातात भाषणाचा कागद होता. तिनं पेटी उघडली, फडकं बाजूला केलं आणि वाडगा दोन्ही हातांत वर धरला. ‘‘या वाडग्याच्या आत,’’ तिनं वाचायला सुरुवात केली, ‘‘तुम्हाला दिसतील...’’ आणि ती थांबली.

ती वाडग्यात बघत राहिली. मग तिनं कागदाची घडी घातली, लोकांना वाकून नमस्कार केला आणि वाडगा टेबलावर ठेवून बाजूला झाली. मग मास्तरांना वाटलं की हे मौन म्हणजेच भाषण, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. पुढे कितीतरी दिवस ते त्या मौनाचं कौतुक करत होते. मीही टाळ्या वाजवल्या. त्या वाजवताना माझं लक्ष घरमालकीणबाईंकडे गेलं. त्या वाडग्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी टाळ्या थांबवल्या.

हॉलच्या मागे गाद्या आणि चेंडू ठेवायची एक खोली होती. तिथे आम्ही तिघीच होतो. मैत्रिणीनं वाडगा छातीशी धरला होता.

‘‘हा कुणी धुतला?’’ तिनं विचारलं.

मी भिंतीशी रचलेल्या गाद्यांकडे बघितलं.

‘‘मी,’’ घरमालकीणबाई म्हणाल्या.

‘‘तुम्ही? पण तुम्हाला तर मी सगळं...’’

‘‘हो. सांगितलं होतंस. पण हाताला सवय आहे ना. घासून गेले.’’

‘‘पण डागच होते ना ते?’’ मी मध्येच बोलले. ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे.

मैत्रिणीनं मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं ते असं. हा वाडगा तिच्या वडिलांनी लग्नात तिच्या आईसाठी केला होता. आई रोज दुपारी चार वाजता त्यातून चहा प्यायची, भाजलेल्या पानांचा, बिनदुधाचा. तेवीस वर्षं. चहा चऱ्यांत मुरत जातो आणि एकेक रेघ उमटते. वडील म्हणायचे, हा वाडगा अर्धा मी केला, अर्धा हिनं. बाई चाकावर बसत नाही, पण या भांड्यावर तिचं काम आहे. मैत्रीण जर्मनीत असताना आई वारली. तिला जाता आलं नाही. म्हणून वडिलांनी आईचं हेच पाठवलं होतं, आणि गावाला ती हेच दाखवणार होती.

एवढं सांगून तिनं वाडगा गुंडाळला आणि ती घरी गेली. घरमालकीणबाई पुन्हा हॉलमध्ये जाऊन आपल्या ओळीमागे उभ्या राहिल्या. आणि मी? मला आधी हायसं वाटलं. लाज त्यानंतर आली, पण एकदा आली ती गेली नाही.

कुणी विचारलं तर बाई हॉलमध्येही ‘मीच धुतला’ असंच सांगत होत्या, त्यामुळे गावात बातमी फिरायला दुपारसुद्धा लागली नाही. बेकरीत बायका घरमालकीणबाईंना विचारू लागल्या, की रस्ता झाला, आता चर्चचा कळस कधी घासणार? त्या पाव घेऊन निमूट परत यायच्या. गुरुवारी त्या वर्गाला आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. त्यांच्या जागेवर मास्तर आपली माती ठेवू लागले. मैत्रीण शिकवत होती, पण त्या रिकाम्या जागेकडे बघायची नाही. माझ्याशी मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त जवळिकीनं वागायची, आणि ते मला सहन होत नव्हतं.

ह्यांना मी सगळं सांगितलं. हे शास्त्रज्ञ. त्यांनी आधी चहातलं टॅनिन आणि सोडा यांची अभिक्रिया समजावली, राख कशी मदतीला आली तेही सांगितलं, आणि प्रयोग म्हणून काम उत्तम झाल्याचं प्रशस्तिपत्र दिलं. मी रडायला लागले तेव्हा थांबले. ‘‘अगं, सांगायचं तर आहेच तुला,’’ ते म्हणाले. ‘‘आज सांगतेस की उद्या, एवढंच ठरव.’’

मी आधी खाली गेले. घरमालकीणबाई बटाटे सोलत होत्या.

‘‘तुम्ही का म्हणालात, मी म्हणून?’’

त्यांनी सुरी थांबवली नाही. ‘‘आल्झो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला या गावात साठ वर्षं झाली. गाव माझ्यावर दोन आठवडे हसेल, मग बेकरच्या सुनेवर हसेल. तुला इथे एकच माणूस आहे.’’ त्या पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाल्या. ‘‘आणि मला पुन्हा जिन्यात रडणारी भाडेकरीण नको. पायऱ्या ओल्या राहतात.’’

मी तशीच, चपला बदलल्याशिवाय, चार घरं चालत गेले आणि दारातच मैत्रिणीला सांगितलं. सोडा, राख, नारळाची शेंडी, सगळं. घरमालकीणबाईंना पकडल्याचा झालेला आनंदसुद्धा सांगितला. ती ऐकत होती. तिनं मला आत घेतलं नाही. ‘‘आज तू जा,’’ ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे ती आली नाही, मी गेले नाही. गुरुवारी मी वर्गाला जाणं सोडलं. घरमालकीणबाई मात्र पुन्हा जाऊ लागल्या. मैत्रीण त्यांना स्वतः घ्यायला आली होती. मी वरच्या खिडकीतून त्या दोघींना बर्फातून जाताना बघितलं, आणि बरं वाटलं, आणि फार वाईट वाटलं. त्या तीन आठवड्यांत मी घरातला एकही कप धड धुतला नाही.

मग एका दुपारी खालचं दार वाजलं. खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली. स्वयंपाकघरात मैत्रीण बसली होती. टेबलावर वाडगा होता, आणि त्यात तपकिरी, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा.

‘‘पी,’’ ती म्हणाली.

‘‘मी? यात?’’ दुसऱ्याचं उष्टं पिऊ नये असं आमच्याकडे पाळण्यापासून शिकवतात, आणि इथे तेवीस वर्षं ओठ लावलेला वाडगा माझ्यापुढे होता.

‘‘आईला तेवीस वर्षं लागली. मी तुझ्यावर अजून रागावले आहे. पण रोज चार वाजता ये.’’

मी प्याले. चहा कडू होता, आल्याची तर आशाच सोडा. तेव्हापासून रोज चार वाजता आम्ही तिघी त्या स्वयंपाकघरात बसू लागलो. वाडग्यातून चहा मीच प्यायचा, त्या दोघी कपातून प्यायच्या. माझ्या हाताला पुन्हा सोडा लागू नये म्हणून वाडगा घरमालकीणबाईंच्या कपाटात कुलपात राहायचा. सबंध बव्हेरियात त्यांच्याइतकी स्वच्छ बाई नव्हती, आणि त्याच आता तो नुसत्या कोमट पाण्यानं विसळायच्या. मी मदतीला हात पुढे केला की फडक्यानं त्याच्यावर चापट मारायच्या. मैत्रिणीचा राग केव्हा गेला ते कळलं नाही. एक दिवस माझ्या जर्मनला ती हसली, तेव्हा लक्षात आलं की तो गेलाय. मला तो चहा मात्र कधीच आवडला नाही. हे मी तिला सांगितलं नाही, पण माझा चेहरा तिला वाचता यायचा.

दीड वर्षानं ह्यांचं काम पुरं झालं आणि आम्ही परत निघालो. ट्रंका बांधून झाल्या होत्या. शेवटच्या दिवशीही चार वाजता मी खाली गेले आणि माझा चहा संपवला. मैत्रिणीनं वाडगा माझ्या हातातून घेतला, विसळला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरपा धरला.

‘‘इकडे बघ.’’

कडेपासून निघालेली एक रेघ तळाकडे गेली होती. अगदी फिकट, पण तपकिरी. पुढे तिला दोन फाटे फुटले होते. बाकी वाडगा अजून पांढराच होता.

‘‘वडिलांना मी लिहिलं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आईच्या रेघा गेल्या. ही तुझी आहे. मी ही कुणाला धुऊ देणार नाही.’’

मी वाडगा हातात घेतला, त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि हमसून हमसून रडायला लागले. कुणी मला थांबवलं नाही. तिलाही रडू आलं होतं. शेवटी घरमालकीणबाई उठल्या आणि त्यांनी वाडगा माझ्या हातातून काढून घेतला.

‘‘त्याच्यात रडू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धुऊन निघेल.’’